शंभर मैलांची मजल आणि रवाळ चालीचा घोडा

एका दिवसात शंभर मैलांची मजल मारावयाची असेल तर स्वाराने कोणत्या जातीच्या घोड्यावर खोगीर चढवावे, या प्रश्नाला गेल्या शतकातील दमसासाच्या शर्यतींनी दिलेले उत्तर जवळजवळ एकमुखी आहे, आणि ते म्हणजे अरबी घोडा. असे असूनही, ज्या घोड्यांची पैदासच मुळी लांबच्या प्रवासासाठी झाली, ज्यांच्या पाठीवर बसून मध्ययुगीन युरोपातील मठाधिपती, पेरूमधील ऊसमळ्यांचे मालक आणि मोंगोलियातील पशुपालक आपापला मुलूख पालथा घालीत आले, ते रवाळ चालीचे घोडे या शर्यतींच्या विजेत्यांच्या यादीत क्वचितच आढळावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. रवाळ घोड्यांच्या अभिमान्यांचे म्हणणे असे की, दिवसभर बसले तरी ज्याच्यावर अंग दुखत नाही तो घोडा लांब पल्ल्याला नालायक ठरेलच कसा. उलट अरबी घोड्यांचे कैवारी निकालांच्या तक्त्याकडे बोट दाखवितात आणि वाद तेथेच संपला असे समजतात. माझ्या मते दोन्ही पक्षांनी एक गोष्ट दृष्टिआड केली आहे: शंभर मैल कोणत्या वेगाने कापावयाचे हे ठरल्याखेरीज चालीची किंमत ठरविताच येत नाही.

प्रथम चालीचे स्वरूप पाहू. सर्वसाधारण घोड्याला तीन मुख्य गती असतात. कदम चालीत चार पाय चार वेळा स्वतंत्रपणे जमिनीवर पडतात. दुडकीत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी चारही खूर अधांतरी असतात. तिसरी गती दौडीची. दुडकीतील त्या अधांतरी क्षणानंतर घोड्याचे वजन जमिनीवर येते तेव्हाच स्वाराच्या कण्याला हिसका बसतो, आणि तो चुकविण्यासाठी रिकिबीवर तालात उठबस करण्याची विद्या स्वाराला शिकावी लागते. रवाळ घोडा दुडकीच्या वेगाने जातो, परंतु पाय मात्र कदम चालीप्रमाणे एकेक टाकतो. त्यामुळे एखादा खूर सदैव जमिनीवर टेकलेला असतो आणि पाठ जवळजवळ समपातळीत वाहत राहते. आइसलंडच्या घोड्याची ‘टोल्ट’, टेनेसी वॉकरची ‘रनिंग वॉक’, पेरूच्या पासो घोड्याची ‘पासो यानो’, ब्राझीलच्या मांगालार्गा मार्शादोरची ‘मार्शा’ ही सर्व एकाच कुळातील चालींची रूपे होत, जरी त्यांतील पावलांचा क्रम आणि ठोक्यांमधील अंतर यांत सूक्ष्म भेद आहेत. मिसूरी फॉक्स ट्रॉटरची चाल यांहून थोडी वेगळी: तीत पाय तिरप्या जोडीनेच चालतात, पण जोडीतील पुढचा खूर मागच्याच्या किंचित आधी टेकतो आणि तेवढ्यानेच हिसका मोडतो. आइसलंडमध्ये हातात बीअरचा भरलेला पेला धरून टोल्टने घोडा हाकण्याची आणि कोणाच्या पेल्यात किती उरले ते पाहण्याची गमतीदार चढाओढ होते. चालीच्या मृदुतेचे मोजमाप म्हणून ती काही अगदीच अशास्त्रीय नाही.

ही चाल केवळ शिक्षणाने येत नाही, ती रक्तात असावी लागते, हे चाबूकस्वारांना पूर्वीपासून ठाऊक होते. २०१२ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे कारण प्रसिद्ध केले. पाठीच्या मज्जारज्जूतील ज्या पेशी डाव्या-उजव्या पायांचा मेळ राखतात, त्यांच्या घडणीशी संबंध असलेल्या ‘डीएमआरटी ३’ नावाच्या जनुकात एक बदल झाला की घोड्याला एकाच अंगाचे पाय बरोबरीने टाकणाऱ्या चाली साधतात. पुढे २०१६ साली प्राचीन अस्थींच्या परीक्षेतून असे दिसून आले की, या बदलाचे सर्वांत जुने ज्ञात पुरावे इंग्लंडमधील यॉर्क येथील नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील घोड्यांत सापडतात आणि त्यानंतर लवकरच आइसलंडच्या घोड्यांत. म्हणजे समुद्रमार्गे गेलेल्या वायकिंगांनी तो तिकडे नेला असावा. शर्यतीच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे. हाच बदल वेगवान दुडकीच्या शर्यतींतील स्टँडर्डब्रेड घोड्यांत सर्रास आढळतो, कारण ज्या घोड्यात तो असतो त्याला वेग वाढला तरी दौडीत मोडावेसे वाटत नाही. याची दुसरी बाजू अशी की, माता-पिता दोघांकडून हा बदल आलेल्या घोड्याला चांगली, तोल सांभाळलेली दौड साधणे बहुधा जड जाते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

दीर्घ प्रवासाचे माप घोड्याच्या प्रतीवरून ठरविण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याची एका दिवसाची वाटचाल अधम, मध्यम आणि उत्तम या क्रमाने पाच, साडेसात आणि दहा योजने अशी बांधून दिलेली आहे, आणि त्याच प्रकरणात घोड्याच्या गतींचे प्रकारही नोंदलेले आहेत. युरोपात थोरल्या प्लिनीने स्पेनच्या उत्तर भागातील अस्तुरियन घोड्यांच्या एकांगी, मृदू चालीचा उल्लेख केला आहे. मध्ययुगात ज्याला परवडत असे तो प्रवासाला रवाळ घोडाच घेई. चॉसरच्या कॅन्टरबरीच्या यात्रेकरूंत बाथची ती बहुश्रुत बाई अशाच घोड्यावर ऐसपैस बसलेली आहे. मग रस्ते सुधारले, गाड्या आल्या, आणि गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या पाठीच्या मऊपणाशी कोणाला काही कर्तव्य उरले नाही. तेथे दुडकीचा जोर कामाचा. उत्तर अमेरिकेतील नॅरागान्सेट पेसर ही एकेकाळची नामांकित प्रवासी जात एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली. तिचे रक्त टेनेसी वॉकर आणि स्टँडर्डब्रेड यांसारख्या जातींत तेवढे उरले. रवाळ घोडे टिकले ते जेथे गाडीरस्ता उशिरा पोहोचला तेथे: अँडीजच्या पायथ्याशी, मिनास जेराइसच्या डोंगरांत, ओझार्कच्या टेकड्यांत, आइसलंडच्या लाव्हारसाच्या पठारांवर.

दमसासाच्या शर्यतीचा जन्म मात्र प्रवाशांच्या नव्हे, सैन्याच्या पागेत झाला, आणि तेथेच तिच्या स्वभावाची बीजे सापडतात. १८९२ साली जर्मन आणि ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बर्लिन व व्हिएन्ना यांच्यामध्ये, विरुद्ध दिशांनी, सुमारे पावणेसहाशे किलोमीटरची स्पर्धा लावली. ती काउंट श्टारहेम्बर्गने सुमारे एकाहत्तर तासांत जिंकली, पण त्याचा घोडा त्यानंतर मेला, आणि इतरही अनेक घोडे वाटेत वा नंतर दगावले. अमेरिकी लष्कराने १९१९ पासून घेतलेल्या कसोट्या अधिक शहाणपणाच्या होत्या: पाच दिवस, रोज साठ मैल, पाठीवर भारी वजन, आणि गुणदानात घोड्याच्या प्रकृतीला स्थान. या कसोट्यांत अरबी घोड्यांनी जे नाव मिळविले ते त्यांनी पुढे सोडले नाही. १९५५ साली वेन्डेल रोबी या कॅलिफोर्नियातील गृहस्थाने, एका दिवसात शंभर मैल जाणारे घोडे आजही आहेत हे दाखविण्यासाठी, सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्न गावापर्यंत स्वारी काढली. तीच आजची टेव्हिस कप. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात टॉम क्विल्टी चषक सुरू झाला, आणि पहिल्या वर्षी विजेता स्वार अरबी घोड्यावर खोगिराशिवाय बसून आला. अमेरिकेतील दमसासाच्या स्वारांची संघटना १९७२ ची. ‘पूर्ण करणे म्हणजेच जिंकणे’ असे तिचे ब्रीद. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने १९७८ साली या क्रीडेला आपल्या दप्तरात दाखल करून घेतले, आणि १९८६ मध्ये रोमजवळ पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आता हिशेब मांडू. टेव्हिसमध्ये शंभर मैलांना, म्हणजे १६० किलोमीटरला, चोवीस तास मिळतात; त्यांत एकेका तासाचे दोन सक्तीचे मुक्काम. उरलेल्या बावीस तासांत सरासरी पडते ताशी सव्वासात किलोमीटरच्या आसपास. उत्तम टेनेसी वॉकर किंवा फॉक्स ट्रॉटर आपल्या नैसर्गिक चालीने ताशी दहा ते बारा किलोमीटर सहज कापतो, आणि त्याची साधी कदम चालदेखील बहुतेक अरबी घोड्यांच्या कदम चालीला मागे टाकते. डोंगरातील चढउतार, दऱ्यांतील उन्हाळा आणि रात्रीचा अंधार यांमुळे टेव्हिस सुरू करणाऱ्यांपैकी साधारणतः निम्मेच घोडे ती पूर्ण करतात हे खरे. परंतु त्या पूर्ण करणाऱ्यांत या दोन्ही जातींचे घोडे वेळोवेळी आलेले आहेत. पूर्ण करणे हेच जिंकणे असे जोपर्यंत समजले जाते, तोपर्यंत रवाळ चालीचे गणित चोख बसते.

आखाती देशांच्या सपाट वाळवंटात मात्र ही क्रीडा वेगळ्याच वळणाला लागली. तेथे विजेत्यांची सरासरी ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेली. या वेगाला कोणतीही मधली चाल उरत नाही. घोडा आरंभापासून अखेरपर्यंत दौडतच राहतो, आणि दौड सर्व जातींची सारखीच असते, किंबहुना रवाळ घोड्याची थोडी उणीच, कारण वर सांगितलेला जनुक त्याला नेमका येथे आडवा येतो. टाच मारून दौडविल्यावर चालीचा अभिमान कोठे राहिला? अशा शर्यतीत रवाळ घोडा हरतो म्हणून त्याची चाल निकामी ठरविणे अन्यायाचे आहे, कारण त्या शर्यतीत ती वापरलेलीच नसते. या वेगाची किंमत घोड्यांच्या पायांनी मोजली. मोडलेल्या अस्थींच्या आणि मृत्यूंच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ साली आंतरराष्ट्रीय महासंघाला संयुक्त अरब अमिरातींचा महासंघ काही काळ निलंबित करावा लागला.

अरबी घोड्याचे यश चालीवर अवलंबून नाहीच. घोडा जी शक्ती खर्च करतो तिच्यातील तीनचतुर्थांशाहून अधिक उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. लहान बांधा, पातळ कातडी, पृष्ठभागाशी जवळ आलेल्या शिरा आणि दीर्घकाळ न थकणाऱ्या स्नायुतंतूंचे मोठे प्रमाण या देणग्यांमुळे अरबी घोडा ती उष्णता लवकर सोडतो, आणि तपासणीच्या ठिकाणी त्याची नाडी झपाट्याने खाली येते. सारी शर्यत त्या नाडीवर उभी आहे. मिनिटाला चौसष्ट किंवा त्याहून कमी ठोके, तेही नेमून दिलेल्या मुदतीच्या आत, नाहीतर स्पर्धेतून बाद. स्थूल, मांसल टेनेसी वॉकर या परीक्षेत मागे पडला तर दोष त्याच्या देहाचा आहे, पावलांचा नव्हे; आणि हलक्या बांध्याचा, कोरड्या अंगाचा वॉकर निवडला तर तो बऱ्यापैकी टिकतो. रवाळ मादीला अरबी घोडा दाखवून दोन्ही गुण साधण्याचा प्रयत्न अमेरिकेतील पैदासकार करीत आले आहेत. कधी चाल येते आणि दम येत नाही, कधी याच्या उलट.

रवाळ घोड्याला या क्रीडेत खरी अडचण येते ती अश्ववैद्याच्या तपासणीत, आणि या विषयावर जितके लिहिले जावे तितके लिहिले गेलेले नाही असे मला वाटते. प्रत्येक टप्प्यावर वैद्य नाडी पाहतो, कातडीची चिमूट घेऊन शरीरातील पाण्याचा अंदाज घेतो, हिरड्या दाबून रक्त परत किती वेळात येते ते पाहतो, पोटाला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकतो, खोगीर-तंगाखालची कातडी चाचपतो. आणि शेवटी मोतद्दाराला घोडा हातात धरून दुडकीने पळवीत नेण्यास व परत आणण्यास सांगतो. लंगडेपणा हुडकण्यासाठी दुडकीइतके सोयीचे साधन नाही, कारण ती दोन ठोक्यांची आणि दोन्ही बाजूंना सारखी. एखादा पाय दुखत असेल तर ताल बिघडतो, आणि पुढचा पाय दुखत असेल तर घोडा दर पावलाला डोके हलवितो. परंतु दर पावलाला डोके हलविणे हे तर टेनेसी वॉकरच्या चालीचे लक्षणच आहे, ज्याच्यासाठी त्याचा मालक त्याला पारितोषिके मिळवून देतो! पेरूचा पासो घोडा पुढचा पाय बाहेरच्या बाजूने वळवून टाकतो. अनोळखी माणसाला वाटते खांदा निखळला. चार ठोक्यांच्या तालात एक ठोका किंचित उशिरा पडला, तर ती दुखापत की स्वभाव, हे सांगणे अनुभवी कानालाही कठीण. नाडी पूर्ववत होण्याची जी कसोटी केरी रिजवे यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, जीत घोड्याला एकशेपंचवीस फूट नेऊन परत आणतात आणि आरंभापासून एक मिनिट झाल्यावर नाडी पुन्हा मोजतात, तीदेखील दुडकीच गृहीत धरून आखलेली.

यावर दोन उपाय प्रचारात आहेत. काही स्वार घोड्याला हातात धरून दुडकी चालण्याची तालीम देतात, आणि पुष्कळ रवाळ घोडे ती आनंदाने शिकतात. दुसरा उपाय वैद्याच्या हातचा: सुटण्यापूर्वीच्या पहिल्या तपासणीत घोड्याची स्वतःची चाल, तिचा ताल, डोक्याची हालचाल हे सर्व नीट पाहून तपासणीपत्रकावर टिपून ठेवावयाचे आणि पुढील टप्प्यांवर त्याच नोंदीशी ताडून पाहावयाचे. पहिला उपाय रवाळ घोड्यांच्या प्रदर्शनांत वावरणाऱ्या मंडळींना मानवत नाही; घोड्याला दुडकी शिकविली की चाल बिघडते, असे त्यांचे ठाम मत आहे. लांब पल्ल्याच्या स्वारांचा अनुभव असा की, चढावर दुडकी, मोकळ्या मैदानावर थोडी दौड आणि उरलेल्या वाटेवर रवाळ असा फेरपालट दिला म्हणजे एकाच स्नायुसमूहावर ताण येत नाही आणि घोडा संध्याकाळी ताजा राहतो. या वादात माझा कल स्वारांकडे आहे, कारण बक्षिसासाठी चाल जपण्याचा अतिरेक कोठवर जाऊ शकतो हे टेनेसीने दाखवून दिलेले आहे: पाय उंच उचलावे म्हणून घोड्यांच्या पायांना दाहक द्रव्ये चोळण्याची प्रथा तेथे इतकी बोकाळली की १९७० साली अमेरिकी संसदेला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तरीही तिचा समूळ बंदोबस्त झाला नाही. त्या रिंगणातील घोड्यांना शंभर मैल सोडाच, दहा मैलही नेववणार नाहीत.

स्वाराच्या सुखाचा मुद्दा राहिला, आणि तो दिसतो तितका सरळ नाही. दुडकीत स्वार उठबस करतो तेव्हा निदान प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला घोड्याच्या पाठीवरचा भार हलका होतो, आणि शहाणा स्वार अधूनमधून बाजू बदलून भार दोन्हीकडे वाटतो. रवाळ घोड्यावरचा स्वार सुखाने बसतो, आणि बसूनच राहतो. आठ-दहा तास एकाच जागी पडलेल्या त्या अविरत दाबाने कमरेपाशी सूज व दुखरेपणा येतो. शिवाय कित्येक रवाळ घोडे वेगाने चालताना पाठ किंचित खोलगट करतात, त्यामुळे खोगिराचा मधला भाग अधिकच रुततो. म्हणून जाणते स्वार मऊ चालीच्या मोहात न पडता मधूनमधून रिकिबीवर उभे राहतात, उतारावर खाली उतरून पायी चालतात, आणि मोठ्या खांद्याला वाव देणारे खोगीर शोधून काढतात. ज्याच्या स्वतःच्या कण्यात दुखणे आहे त्या स्वाराची गोष्ट वेगळी. दुडकीचा हिसका सोसेनासा झाल्यावर रवाळ घोड्यामुळेच या क्रीडेत टिकून राहिलेले वयस्कर स्वार अमेरिकेत पुष्कळ आहेत.

आइसलंडच्या लोकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. तेथे लांबच्या प्रवासाला निघालेला स्वार एकाच घोड्यावर विसंबत नाही. मोकळ्या घोड्यांचा कळप बरोबर हाकीत नेतात आणि ठराविक अंतरावर खोगीर दुसऱ्याच्या पाठीवर चढवितात. १९७६ साली न्यू यॉर्क राज्यातून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोपर्यंत झालेल्या प्रचंड शर्यतीत दोन जनावरे घेण्याची मुभा होती, आणि आइसलंडचे घोडे तीत उतरले होते. जिंकले मात्र लॉर्ड फॉन्टलरॉय नावाचे खेचर, ही गोष्ट घोडेवाल्यांनी फारशी सांगितलेली आढळत नाही. मोंगोलियातील एक हजार किलोमीटरच्या डर्बीतही दर टप्प्याला घोडा बदलतो. तेथील मालक आपला खास रवाळ घोडा, ज्याला ते ‘जोरो’ म्हणतात, परदेशी पाहुण्याच्या हाती सहसा देत नसावेत, असा माझा तर्क आहे. ब्राझीलमध्ये मार्शादोरच्या चालीची परीक्षाच तासाभराच्या अखंड चालण्याने घेतात आणि परीक्षक स्वतः पाठीवर बसून पाहतात. शर्यत आणि प्रदर्शन यांमधला हा चांगला मध्य होय.

आपल्याकडे कोतल घोडे बरोबर ठेवण्याची रीत अपरिचित नव्हती. मराठ्यांच्या फौजेतील शिलेदार आणि बारगीर भीमेच्या खोऱ्यातील ज्या काटक, आखूड बांध्याच्या तट्टांवर बसत, त्यांचा लौकिक चालीच्या डौलाचा नव्हता, तर थोड्या दाण्या-वैरणीवर मजल दरमजल टिकून राहण्याचा होता. १७३७ साली बाजीरावाने मोगली फौजांना बगल देऊन दिल्लीची वेस गाठली ती अशाच जनावरांच्या जोरावर. रवाळ चालीचे खरे माहेर मारवाड आणि काठेवाड. या दोन्ही जातींत ती जन्मजात आढळते, आणि सारंगखेड्याच्या तापीकाठच्या बाजारात खरेदीदार घोड्याला त्याच चालीने फिरवून दाखवावयास लावतो. भारतीय अश्वारोहण महासंघाच्या दमसासाच्या स्पर्धांत देशी घोडे आता उतरू लागले आहेत. हलका बांधा, उन्हाची सवय आणि कठीण खूर ही त्यांची भांडवले अरबी घोड्याच्या जवळची आहेत. चाळीस किंवा साठ किलोमीटरच्या, मध्यम वेगाच्या स्पर्धेत त्यांना रवाळ चालीवर राहू दिले तर ती त्यांना कामीच येईल. मात्र बाजारात किंमत चढविण्यासाठी लगाम ताणून, मान उंच बांधून जी रवाळ शिकवितात, तिच्यात घोड्याची पाठ आखडते आणि श्वास कोंडतो. असा घोडा विकत घेणाऱ्याने निदान एक पावसाळा त्याला ढिल्या लगामाने माळावर चालवावा, आणि पहिल्या तपासणीला नेताना वैद्याला आधीच सांगून ठेवावे की याचा ताल चार ठोक्यांचा आहे.